फास्ट ट्विस्ट बॅरल: तांबं, काजळी आणि साफसफाई

ताम्रवेध

फास्ट ट्विस्टचं, म्हणजे आतल्या चरांना जास्त पीळ असलेलं, रायफलचं बॅरल लवकर मळतं, असं रेंजवर सर्रास ऐकायला मिळतं. १:७ चं .२२३ घ्या नाहीतर १:८ चं ६.५ क्रीडमूर (दोन्ही काडतुसांची नावं), शेजारच्या बेंचवरून सल्ला ठरलेला: गोळीच्या आवरणाचं तांबं जास्त धरणार, दर वीस गोळ्यांनी घासून काढ. माझं ठाम मत आहे की हा सल्ला अर्धवट आहे, आणि चुकीच्या पद्धतीने वारंवार घासल्यामुळे बॅरलाचं होणारं नुकसान मळापेक्षा मोठं असतं. म्हणून हा धागा. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात या खेळात असलेली बरीच मराठी मंडळी इथे आहेत, त्यांनी भर घालावी.

आधी थोडं गणित. १:७ म्हणजे सात इंचांत गोळीचा एक पूर्ण फेरा. गोळी जितकी लांब तितकी तिला स्थिर राहायला फिरकी जास्त लागते. ग्रीनहिल यांचं १८७९ सालचं सूत्र अंदाजाला आजही पुरतं: व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले गोळीची लांबी, सगळं इंचांत. वेग सेकंदाला २८०० फुटांच्या वर असेल तर १५० ऐवजी १८० घ्यायचे. .२२४ व्यासाची (.२२३ मध्ये वापरतात ती) ५५ ग्रेन वजनाची गोळी पाऊण इंचाच्या आसपास असते. तिला १२ इंच येतात. एम-१६ए१ रायफलचं बॅरल १:१२ होतं ते याच गोळीसाठी. ७७ ग्रेनची गोळी जवळपास एक इंच लांब, तिचा वेग २८०० च्या खाली असतो म्हणून १५० धरून साडेसात येतात, आणि व्यवहारात १:७ किंवा १:८ वापरतात. एम-१६ए२ ला १:७ दिलं, त्याचं मोठं कारण ६२ ग्रेनच्या गोळीपेक्षाही तिच्या जोडीची लांबलचक ट्रेसर (जाताना उजळणारी) गोळी हे होतं.

आता मळाकडे. चर किती तिरपे आहेत हे π गुणिले व्यास भागिले ट्विस्ट यावरून निघतं. .२२४ मध्ये १:१४ ला हा कोन २.९ अंश, १:७ ला ५.७ अंश. म्हणजे लँडच्या (दोन चरांमधल्या उंचवट्याच्या) ज्या कडेवर गोळी रेटली जाते तिथला बाजूचा दाब साधारण दुप्पट झाला. ऐकायला हे भयंकर वाटतं, पण १:७ मध्येसुद्धा फिरकीत जाणारी ऊर्जा गोळीच्या पुढे जाण्याच्या ऊर्जेच्या अर्ध्या टक्क्याच्या घरात असते. जॅकेटवर (गोळीच्या तांब्याच्या आवरणावर) लँड कोरले जाताना आणि नंतर सबंध नळीभर ते घासत जाताना जे होतं, त्यापुढे हा वाटा किरकोळ आहे.

तांबं धरायची खरी कारणं वेगळीच असतात. चेंबर (काडतूस बसतं ती जागा) कापताना थ्रोटमध्ये (चेंबरपुढे चर सुरू होतात तिथे) रीमरचे, म्हणजे कापायच्या अवजाराचे, आडवे ओरखडे राहतात, ते जॅकेट खरवडतात. ते तांबं उष्ण वायूबरोबर पुढे जाऊन बसतं. फॅक्टरी बॅरलाचा बोअर (नळीची आतली बाजू) लॅप केलेला (घासून गुळगुळीत केलेला) नसेल तर तिथेही तसेच आडवे ओरखडे असतात. आणि फास्ट ट्विस्टमध्ये आपण मुळातच लांब गोळ्या झाडतो. त्यांचा बोअरला टेकणारा पृष्ठभाग जास्त. १:१४ मधून ५० ग्रेन आणि १:७ मधून ७७ ग्रेन झाडून मळाची तुलना करायची आणि दोष ट्विस्टला द्यायचा, हे बरोबर नाही.

ट्विस्टमुळे दोन गोष्टी मात्र खरोखर बदलतात. एक म्हणजे साफसफाईचा रॉड आणि ब्रश बोअरमध्ये कसे वागतात ते. त्यावर लेथवाला यांनी लिहावं अशी विनंती.

दुसरी म्हणजे मळलेल्या, खरखरीत बोअरची शिक्षा. गोळीचे मिनिटाचे फेरे काढायला वेग गुणिले ७२०, भागिले ट्विस्ट. ७७ ग्रेनची गोळी २७५० फुटांनी १:७ मधून निघाली की फेरे साधारण २,८३,०००. पातळ जॅकेटची ४० ग्रेनची गोळी ३६०० फुटांनी त्याच बॅरलातून काढली तर ३,७०,०००. १:१२ मध्ये तीच गोळी २,१६,००० वर असते. तीन लाखांच्या पुढे पातळ जॅकेटला बोअरने जागोजागी ओरबाडलं असेल तर गोळी हवेतच फुटते. कागदावर भोकच सापडत नाही, किंवा भोकाभोवती शिशाचे राखाडी फराटे उमटलेले दिसतात. स्वच्छ, गुळगुळीत बोअरमधून तीच गोळी पुष्कळदा सुखरूप पोचते. म्हणून फास्ट ट्विस्टमध्ये बोअरची अवस्था जास्त महत्त्वाची असं मी म्हणेन. ते जास्त मळतं, असं म्हणणार नाही.

---

लेथवाला

मुद्देसूद लिहिलंय. रॉडबद्दल सांगतो.

२४ इंचांच्या बॅरलात १:१४ ला ब्रश पावणेदोन फेरे घेतो, १:७ ला जवळजवळ साडेतीन. तेवढे फेरे रॉडने मोकळेपणाने घ्यायला हवेत. त्यासाठी मुठीत बॉल बेअरिंग असलेला, एकसंध रॉड. तीन तुकडे जोडून होणारा रॉड नको. त्याचे सांधे लँडवर घासतात आणि दाब दिला की तो मधोमध वाकून थ्रोटला टेकतो.

मूठ जाम असेल तर काय होतं ते नीट समजून घ्या. बहुतेक बॅरलांचा ट्विस्ट उजवा असतो. मागून ढकलताना चर ब्रशला घड्याळाच्या दिशेने फिरवतात, आणि मागून पाहिलं तर ब्रशचे आटे सुटण्याची तीच दिशा. रॉड फिरला तर काहीच बिघडत नाही. रॉड अडला तर ढकलताना ब्रश सैल होतो आणि ओढताना पुन्हा आवळतो. १:१४ मध्ये हे सहसा लक्षातही येत नाही. १:७ मध्ये एका ढकलीत ब्रश दोन-तीन आटे सुटू शकतो, मग तो तिरका होऊन घासतो किंवा बोअरमध्येच राहतो.

पॅचचंही (बोअर पुसायच्या कापडी तुकड्याचंही) तेच. मूठ अडली की घट्ट पॅच चरांतून न फिरता लँडवरून सरळ घसरतो. पॅच मळका निघतो म्हणून आपल्याला वाटतं काम झालं, पण लँड आणि ग्रूव्ह (चर) मिळतात तो कोपरा तसाच राहतो, आणि तांबं नेमकं तिथेच जाड असतं.

तपासायला सोपं आहे. मुठीच्या पुढे रॉडवर मास्किंग टेपचं छोटं निशाण लावा. जॅगवर (रॉडच्या टोकाला लावायच्या, पॅच धरणाऱ्या तुकड्यावर) घट्ट पॅच चढवून हळू ढकला. निशाण एक फेरा पूर्ण करेपर्यंत रॉड किती इंच आत गेला ते मोजा. १:७ चं बॅरल असेल तर ७ च्या आसपास यायला हवेत. ८-९ आले तर पॅच घसरतोय किंवा मूठ अडतेय. बेअरिंगमध्ये सॉल्व्हंट आणि काजळी जाऊन ते जड होतं. पातळ तेलाचा थेंब टाकून फिरवलं की बहुधा मोकळं होतं.

आणखी एक. ब्रॉन्झ ब्रश बोअरच्या मधोमध असताना दिशा बदलू नका. तारा उलट वाकत नाहीत, ब्रश अडकतो. पूर्ण बाहेर काढा, मगच परत ओढा.

---

नवखा_नेमबाज

वाचनखूण साठवली. एक शंका. .२२३, १:८, स्टेनलेस बॅरल. अमोनियाचं सॉल्व्हंट वापरतो. कितीही पॅच काढले तरी निळे येतच राहतात. बारा-पंधरा पॅचनंतरही फिकट निळा. बॅरल खराब आहे का?

---

केतकी_१०००यार्ड

जॅग कशाचा आहे? ब्रश ब्रॉन्झचा आहे का?

---

नवखा_नेमबाज

पितळी जॅग, ब्रॉन्झ ब्रश. किटमध्ये आले तेच.

---

केतकी_१०००यार्ड

मग निळा रंग निदान काही अंशी जॅगचा आहे. सॉल्व्हंट तांबं विरघळवतं. ते जॅकेटचं की जॅगचं, हे त्याला कळत नाही. खात्री करायची असेल तर तो जॅग सॉल्व्हंटमध्ये भिजवलेल्या पॅचमध्ये गुंडाळून बशीत पाच मिनिटं ठेवा. पॅचवर जॅगच्या कड्यांचे निळे वळ उमटतील.

निकल चढवलेला किंवा ॲल्युमिनियमचा जॅग घ्या आणि तांब्याच्या टप्प्यात नायलॉन ब्रश वापरा. ब्रॉन्झ ब्रश काजळीच्या टप्प्यासाठी ठेवा, आणि वापरून झाला की ब्रेक क्लीनरने धुवा, नाहीतर सॉल्व्हंटच त्याला खाऊन टाकतं.

दुसरं म्हणजे क्रम. बोअरमधला मळ थराथरांनी बसतो: काजळी, त्यावर तांबं, त्यावर परत काजळी. अमोनिया काजळी उचलत नाही. वरचं तांबं गेलं की ते काजळीवर येऊन थांबतं, पॅच पांढरा येतो आणि आपण समजतो की झालं. म्हणून आधी काजळी, मग तांबं, मग परत काजळी, परत तांबं. मी अशी करते:

रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचं, बोल्ट काढायचा. रायफल स्टँडवर अशी ठेवायची की मझल (नळीचं पुढचं तोंड) किंचित खाली राहील. सॉल्व्हंट ट्रिगरमध्ये आणि बेडिंगमध्ये (रायफलच्या दस्त्यातल्या बैठकीत) उतरता कामा नये. बोअर गाइड (रॉड मधोमध ठेवणारी नळी) बसवायचा, त्याची ओ-रिंग चेंबरमध्ये नीट बसली पाहिजे. मझलवर ब्रेक (धक्का कमी करणारा) किंवा सप्रेसर (आवाज कमी करणारा) असेल तर काढायचा.

कार्बन सॉल्व्हंटने ओला केलेला पॅच मागून पुढे. मझलबाहेर आला की काढून टाकायचा, तोच मळका पॅच परत आत ओढायचा नाही. असे दोन-तीन. मग ब्रश ओला करून दहा वेळा पुढे-मागे. दहा मिनिटं तसंच ठेवायचं. पुन्हा दोन ओले, दोन कोरडे. प्रत्येक फेरीनंतर रॉड पुसायचा. रॉडला चिकटलेले कण थ्रोटमध्ये वाळूच्या कागदासारखे घासतात.

मग बोअर पूर्ण कोरडा करून तांब्याचं सॉल्व्हंट. एका वेळी एकच रसायन. बाटलीवर तसं लिहिलेलं असतं ते गंभीरपणे घ्या. तीव्र अमोनियाच्या, म्हणजे स्वीट्स ७.६२ सारख्या सॉल्व्हंटला जास्तीत जास्त १५ मिनिटं. त्याहून अधिक वेळ ठेवायचं नाही, तापलेल्या बॅरलात तर टाकायचंच नाही. खिडकी उघडी ठेवा, आणि जवळपास ब्लीच नको: अमोनिया आणि ब्लीच मिळून विषारी वायू होतो. बिनअमोनियाचं बोअर टेक एलिमिनेटर किंवा वाइपआउटचा फोम सावकाश काम करतो, पण वेळेची धास्ती नाही. फोम रात्रभरही ठेवता येतो.

पॅच काय सांगतो ते वाचायला शिका. सगळीकडे एकसारखा निळा म्हणजे बोअरभर पातळ तांबं. पॅचच्या कडेला पाच-सहा ठळक निळ्या रेघा म्हणजे ग्रूव्हच्या कोपऱ्यांत तांबं उरलंय. काळपट हिरवा म्हणजे काजळी अजून आहे, आधीच्या टप्प्यावर परत जा.

---

दर्यासारंग

वरच्या सगळ्याला +१. फक्त दर वेळी तांब्याचा टप्पा करू नका असं सुचवेन. चांगल्या लॅप केलेल्या बॅरलात थोडं तांबं बसून स्थिरावतं आणि त्यानंतर वेगही स्थिर होतो. पूर्ण पांढरं केलेलं बॅरल पहिल्या काही गोळ्या वेगळीकडे टाकतं. १:८ च्या ६.५ क्रीडमूरला सामना असेल तर मी काजळी काढतो, तांबं हलकं ठेवतो आणि सामन्याआधी किमान पाच-दहा फाउलिंग शॉट (बोअर थोडा मळवण्यासाठी) झाडतो. कधी साफ करायचं हे गोळ्यांच्या आकड्यावरून नको, ग्रूपवरून (कागदावरच्या भोकांच्या पुंजक्यावरून) आणि क्रोनोग्राफवरून (वेगमापकावरून) ठरवावं.

---

केतकी_१०००यार्ड

ग्रूपवरून ठरवणं मान्य, पण कार्बन रिंगला (काजळीच्या कड्याला) ते लागू नाही. ती ग्रूप बिघडायच्या आधी दाब वाढवते.

कार्बन रिंग कुठे होते? केसच्या (काडतुसाच्या पितळी नळीच्या) तोंडाच्या पुढे. .२२३ ची केस १.७५० इंचांवर ट्रिम केली की तिचं तोंड आणि चेंबरच्या मानेचा शेवट यांच्यात काही हजारांश इंचांची फट राहते. दर शॉटला तिथे काजळी भाजून निघते आणि काचेसारखी कडक होते. बोअरस्कोपमधून (नळीत बघायच्या दुर्बिणीतून) पाहिलं तर थ्रोटच्या आधी एक काळी, चकचकीत, कडेला तडकलेली पट्टी दिसते; मागे चेंबरचा पोलाद आणि पुढे लँडची सुरुवात लख्ख, आणि मध्ये ती. फार वाढली की केसचं तोंड तिच्यात रुततं आणि गोळी सोडायला अडतं. नेहमीच्याच लोडला बोल्ट जड उठू लागतो, प्रायमर सपाट होतात, वेग अचानक ४०-५० फुटांनी चढतो. अशा वेळी लोकांना वाटतं पावडर बदलली. आधी स्कोप घालून बघा.

नेहमीचा ब्रश तिथून एका झटक्यात निघून जातो, म्हणून ती राहते. काढायची पद्धत: चेंबरच्या मानेइतका जाड ब्रश (.२२३ ला ६ मिमीच्या आसपासचा) घ्या, त्यावर कार्बन सॉल्व्हंटने भिजवलेला पॅच गुंडाळा, रिंगपाशी नेऊन १५-२० मिनिटं तसाच ठेवा. मग छोट्या रॉडने जागच्या जागी हाताने फिरवा, वीस-पंचवीस फेरे. पॅच तपकिरी-काळा निघेल. दोन-तीनदा करा. तरी राहिली तर पॅचवर जेबी किंवा आयोसो पेस्टचा मुगाएवढा गोळा घेऊन तेच, तेवढ्याच जागी. ड्रिल मशीन लावू नका. पेस्ट थ्रोटच्या पुढे जाऊ देऊ नका, आणि शेवटी तिचा कणही उरता कामा नये.

---

लेथवाला

पेस्टबद्दल थोडं. जेबीसारखी पेस्ट सौम्य आहे, पण आहे अपघर्षकच. गाइडशिवाय, अडणाऱ्या मुठीने, मझलबाहेर जॅग काढत-ओढत तीच पेस्ट सबंध बोअरभर चालवली तर पहिल्यांदा क्राउनची (मझलच्या काठाची) कड जाते. क्राउनच्या एका बाजूची कड गोल झाली की वायू तिकडून आधी सुटतो आणि गोळीला धक्का बसतो. कापसाचा बोळा मझलच्या कडेवरून आतून बाहेर फिरवा. धागे एकाच ठिकाणी अडकत असतील तर तिथे खपली (धातूचा उचललेला कंगोरा) आहे.

ब्रेक-इनचा (नवं बॅरल रुळवायचा) प्रश्न येईलच, म्हणून आत्ताच. हाताने लॅप केलेल्या कस्टम बॅरलात बोअर आधीच गुळगुळीत असतो. उरतात ते चेंबरिंगनंतरचे थ्रोटचे ओरखडे. पहिल्या काही गोळ्या ते घासून काढतात, आणि मध्ये तांबं साफ करत राहिलं तर तांब्याचा थर त्यांना झाकत नाही, एवढाच ब्रेक-इनचा अर्थ. एक गोळी, साफ. असं पाच वेळा. मग तीन गोळ्या, साफ. पॅचचा निळा रंग झपाट्याने कमी झाला की थांबा. क्रोम-मॉली पोलादाला स्टेनलेसपेक्षा जास्त वेळा लागू शकतं. पन्नास गोळ्यांनंतरही पहिल्याइतकंच निळं येत असेल तर थ्रोट खडबडीत आहे, ब्रेक-इन लांबवून फायदा नाही. क्रोम-लाइन्ड (आतून क्रोमचा मुलामा दिलेल्या) बॅरलाला हे सगळं करण्यात अर्थ नाही.

---

रानवाटा

कॅलिफोर्नियातल्यांसाठी एक महत्त्वाचा मुद्दा राहिला. १ जुलै २०१९ पासून इथे शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. बहुतेक जण सबंध तांब्याच्या गोळीवर गेले. तांब्याची घनता ८.९६, शिशाची ११.३४. तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, म्हणजे ट्विस्ट फास्ट लागतो. आणि ती शुद्ध तांब्याची असल्याने मऊ आणि चिकट. नेहमीचं जॅकेट ९५ टक्के तांबं आणि ५ टक्के जस्त असतं. फास्ट ट्विस्ट आणि जास्त तांबं एकत्र दिसतं त्यामागे बऱ्याचदा हे कारण असतं.

यावर उपाय म्हणून बार्न्स टीएसएक्स सारख्या गोळ्यांना अंगावर आडवे खाचे असतात. लँडने कोरून निघालेलं तांबं त्या खाचांत मावतं, टेकणारा पृष्ठभागही कमी होतो. खाचे नसलेल्या जुन्या पद्धतीच्या सॉलिड गोळ्या बोअर पार लालसर करून टाकतात.

नेहमीच्या जॅकेटवाल्या गोळ्यांवरून तांब्याच्या गोळीवर जाताना बोअर आधी तांबं पूर्ण काढून पांढरा करा. जॅकेटच्या मिश्रधातूच्या थरावर शुद्ध तांबं घातलं की भराभर साचतं, आणि झिरोही (जुळवून ठेवलेला नेम) हलतो. एकाच दिवशी रेंजवर स्वस्तातल्या जॅकेटवाल्या आणि शेवटी दोन तांब्याच्या झाडून झिरो तपासणं टाळा. मोसमभर एकच गोळी ठेवा.

सीएफई २२३ सारख्या काही पावडरींत तांबं धरू न देणारं द्रव्य असतं, त्याने फरक पडतो. पण काजळीचा हिशेब वेगळा, ती काढावीच लागते.

---

पन्हाळा_५०मी

स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकल्यापासून कोल्हापुरात आणि बालेवाडीला .२२ वर येणाऱ्या मुलांचे पालक सारखे साफसफाईबद्दल विचारतात. वरचं सगळं .२२ ला लागू होतं का? अमोनिया वगैरे?

---

ताम्रवेध

नाही, कृपया तिथे हे करू नका. .२२ एलआर चं बॅरल साधारण १:१६, गोळी शिशाची, वर मेणाचं वंगण, वेग १०७० फुटांच्या आसपास. फेरे ४८,००० च्या घरात. तांबंच नाही, त्यामुळे अमोनियाचं काम नाही. (तांब्याचा मुलामा दिलेल्या गोळ्या सामन्यात कोणी वापरत नाही.) तिथे तीन गोष्टी बघायच्या: चेंबरच्या पुढची कार्बन रिंग, लँडच्या सुरुवातीला शिसं, आणि वंगणाचा थर.

प्रशिक्षणाच्या दिवसानंतर दोन-तीन फेल्ट (नमद्याचे बोळे) किंवा पॅच सौम्य कार्बन सॉल्व्हंटने ओले करून मागून पुढे, मग कोरडे, बस्स. दर काही शे गोळ्यांनी चेंबरपुढच्या पहिल्या दोन इंचांत ब्रश, केतकीताईंनी सांगितलं तसं. प्रायमरमधल्या काचेच्या भुकटीमुळे रॉडला आणि पॅचला कण चिकटतात, म्हणून रॉड पुसणं इथे दुपटीने महत्त्वाचं. सामन्याआधी साफ केलं तर पुरेसे वॉर्मिंग शॉट झाडा आणि तेही सामन्याच्याच लॉटमधले. दुसऱ्या मेकचं मेण बोअरमध्ये असताना पहिले शॉट वर-खाली जातात.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर सगळ्यात मोठा शत्रू दमट हवा. क्रोम-मॉलीचं बॅरल रेंजवरून आणून तसंच पेटीत ठेवलं तर दोन दिवसांत तांबूस डाग येतात. फोमच्या अस्तराची पेटी ओल धरून ठेवते. रायफल बाहेर स्टँडवर ठेवा, बोअरमधून पातळ तेलाचा एक पॅच. आणि झाडायच्या आधी तो बोअर आणि चेंबर कोरडं करायचं विसरू नका.

---

अवजड

फास्ट ट्विस्टचा विषय आहे तर ८.६ ब्लॅकआउट हे काडतूस हवंच. १:३ ट्विस्ट! वरच्या सूत्राने कोन साडेएकोणीस अंशांच्या घरात. ३०० ग्रेनची गोळी आवाजाच्या वेगाखाली, १००० फुटांनी निघाली तरी २,४०,००० फेरे. इथे साफसफाईचे नियम बदलतात का?

---

लेथवाला

बदलतात, आणि इथे ट्विस्टचा दोष खराच आहे. १:७ ला जी फिरकीची ऊर्जा अर्धा टक्का होती ती इथे पाच टक्क्यांच्या वर जाते, म्हणजे लँडच्या कडेवरचा भार किरकोळ राहत नाही. जॅकेट-शिशाच्या गोळ्या पूर्ण वेगाने झाडल्या तर जॅकेट सोलवटून शिशापासून सुटण्याचा धोका असतो. सप्रेसर लावलेला असेल तर ते तुकडे बॅफलवर (सप्रेसरच्या आतल्या पडद्यांवर) आदळतात. म्हणून या कॅलिबरसाठी सबंध तांब्याच्या किंवा त्यासाठीच बनवलेल्या गोळ्याच वापरा.

साफ करताना १२ इंचांच्या बॅरलात रॉडला चार फेरे घ्यावे लागतात, तेही एवढ्या तिरप्या चरांतून. घट्ट पॅच इथे हमखास घसरतो. त्यामुळे एक मापाने लहान जॅग आणि पातळ पॅच, नायलॉन ब्रश, आणि सावकाश ढकल; एका हाताने मूठ नुसती धरायची, फिरवायची नाही. ब्रॉन्झ ब्रशच्या तारा इतक्या वळणात मुडपतात आणि दोन-तीन वेळांत निकामी होतात. खरं काम भिजवण्याने होतं, म्हणून फोम भरून तीन-चार तास ठेवणं सगळ्यात बरं. सप्रेसरमधून मागे येणाऱ्या वायूमुळे चेंबर आणि थ्रोट काजळीने भरतात, तिकडे आधी बघा.

---

नवखा_नेमबाज

धन्यवाद सगळ्यांना. निकल जॅग आणि नायलॉन ब्रश आणला. आता सहाव्या पॅचला पांढरा आला. टेपचं निशाण मात्र ८ ऐवजी ९ इंचांच्या पुढे फेरा पूर्ण करतंय.

---

लेथवाला

पॅच बदलून बघा आधी. .२२ सेंटरफायरला सव्वा इंचाचा चौकोनी पॅच बहुधा बसतो, पण जाड कापडाचा असेल तर एक आठवा इंच कमी घ्या. बोटाच्या मध्यम दाबाने जाईल इतकाच घट्ट हवा. तळहाताने ठोकावा लागत असेल तर मोठा आहे. तरी ९ आले तर मूठ उघडून बेअरिंग केरोसीनमध्ये धुवा, कोरडं करा, एक थेंब तेल. त्यानंतर मोजमाप मझलपासून शेवटच्या आठ इंचांत घ्या. सुरुवातीला पॅच थ्रोटमध्ये बसताना थोडा घसरतोच, तो आकडा धरू नका.